नववा मासा

अर्जुनराव एसटीत अठरा वर्षं कंडक्टर होते आणि पुढची चौदा वर्षं तपासणी पथकात. म्हणजे उभं आयुष्य लोकांवर संशय घेण्यात गेलं, आणि तेही सरकारी हुकमानं. रस्त्यात गाडी अडवून आत चढलं की पन्नास चेहऱ्यांतला विनातिकीट चेहरा कोणता, हे त्यांना तिकीट न बघता कळायचं. खिडकीबाहेर जरा जास्तच रमलेला, झोपेचं सोंग घेऊन पापण्या हलवणारा, विचारायच्या आधीच खिसे चाचपणारा. 'एकदा पाह्यलेला चेहरा आपून विसरत नाही,' हे वाक्य वरवट बकालच्या स्टँडवर चहाच्या टपरीशी ते दिवसातून एकदा तरी म्हणायचे, आणि ऐकणारे माना डोलवायचे, कारण चहा अर्जुनरावांकडून असायचा. निवृत्त झाल्यावर गाड्या गेल्या, पथक गेलं, पण खोड कुठं जाते? ती घरी आली.

घरात तपासायला होतं काय, तर मासे.

बैठकीच्या खोलीत टीव्हीशेजारी तीन फूट लांब काचेची टाकी होती. घराची डागडुजी केली तेव्हा वास्तूवाल्यानं सांगितलेलं, ईशान्येला नऊ मासे ठेवा, आठ नको, दहा नको. त्यांच्या मुलानं, शेखरनं, शेगावहून आधी सोनेरी मासे आणले. ते आठवड्यात गेले. या पट्ट्यातलं पाणी खारं. पातेल्याला पांढरा थर धरतं, साबणाला फेस येऊ देत नाही. दुकानवाला म्हणाला, "काका, तुमच्या पाण्यात एकच जात टिकल. पण तिखट हाये बरं, आधीच सांगतो." मग बोटाच्या पेराएवढे नऊ मासे आले, करडे, अंगावर काळे उभे पट्टे. इंग्रजीत त्यांना म्हणे कैदीच म्हणतात, तुरुंगातल्या कपड्यांमुळे. अर्जुनरावांना हे फार आवडलं. जन्मभर माणसं पकडली, आता नऊ कैदी घरात. रोज सकाळी सहाला दात घासत घासत ते टाकीपुढं उभे राहायचे आणि हजेरी घ्यायचे.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या छातीत कळ आली. अकोल्याला नेलं, नळी बसवली, चौथ्या दिवशी माणूस चालत घरी आला. पण ज्या संध्याकाळी ते दवाखान्यात आत होते त्याच संध्याकाळी इकडं टाकीत एक मासा उलटा होऊन तरंगला. शेजारच्या मंजुळाबाई फोनवर म्हणाल्या, "रुक्मिणी, माशानं अंगावर घेतलं वं. तुह्या कुंकवावरचं गेलं." रुक्मिणीबाईंनी त्या माशाला हळदकुंकू वाहून परसात पुरायला लावलं, आणि अकोल्याहून परतल्या त्या दिवशी टाकी धुऊन, आतलं सगळं नव्यानं मांडून, दिवे लागायच्या आत नववा आणवला. तेव्हापासून त्यांचा नियम झाला: जागा रिकामी ठेवायची नाही. आठ मासे म्हणजे नवऱ्याभोवतीचं कुंपण एका ठिकाणी उघडं. हसायचं त्यानं हसावं. चार दिवस त्या दवाखान्याच्या जिन्यात बसून होत्या, त्यांची भीती त्यांनाच माहीत.

मग गेल्या माघात शेखरचं लग्न झालं, आणि मासे मरायला लागले.

पहिला हळदीच्या दिवशी गेला. पाहुण्यांच्या पोरांनी टाकीत बुंदी टाकली होती, त्यामुळं त्याचं कोणी फार मनावर घेतलं नाही. शेखर रोज मोटरसायकलनं शेगावला औषधाच्या दुकानात कामाला जायचा; येताना नववा घेऊन आला. तो तिसऱ्या सकाळी मेला. शेपटी कुरतडलेली, कल्ल्याजवळ खरचटलेलं. पुन्हा आणला. पुन्हा मेला. चैत्र संपेस्तोवर हळदीचा धरून पाच झाले.

"पाच," रुक्मिणीबाई एका दुपारी हळूच म्हणाल्या. "दोन वर्षांत एक नाई मेला. आन् ही आली तवापासून पाच."

'ही' म्हणजे डिंपल, सूनबाई. मेहकरकडची, हिवरा आश्रमची. बापाचा भाजीपाल्याचा मळा. मुलगी शिकलेली, सावळी, कमी बोलणारी, आणि बोलली की 'मले-तुले' न म्हणता 'मला-तुला' म्हणणारी. रुक्मिणीबाईंना तेही खटकायचं. दुपारी सगळे आडवे झाले की ही पोरगी टाकीपुढं पाट घेऊन बसायची. तासतास बसायची. नव्या सुनेनं टीव्ही बघावा, फोनवर आईशी बोलावं, रडावं. माशांकडं काय बघायचं?

अर्जुनराव बायकोला म्हणाले, "काहीतरी बोलू नको वं." पण मनात कीड पडली ती पडली. संशयाला औषध नाही, आणि चौदा वर्षं पथकात काढलेल्या माणसाला ते औषध हवंही नव्हतं. फक्त बोलून चालणार नव्हतं. शेखरला मालकानं खामगावच्या दुकानात बोलावलं होतं आणि आईबाप एकटे पडतील म्हणून तो अजून नाही म्हणत होता. सुनेबद्दल एक शब्द वाकडा गेला असता तर एकुलता एक पोरगा बिऱ्हाड उचलून निघाला असता. पुराव्याशिवाय बोट दाखवायचं नाही हे अर्जुनरावांना नोकरीनं शिकवलं होतं. त्यांनी पुरावा गोळा करायला घेतला.

पहिला पुरावा सुगडाचा. टाकीत संक्रांतीचं एक सुगड आडवं ठेवलेलं होतं, माशांना घर म्हणून. त्याभोवती पूर्णेच्या पात्रातले पाच गोटे आणि एक प्लॅस्टिकचं झाड. ही मांडणी दोन वर्षं जशीच्या तशी होती. सुगडात सगळ्यात थोराड मासा राहायचा, त्याला अर्जुनराव मुकादम म्हणायचे. तर एका संध्याकाळी बघतात तो सुगड डाव्या कोपऱ्यातून उजव्या कोपऱ्यात, गोटे भलतीकडंच. मासे तर सुगड उचलत नाहीत. अर्जुनराव कोणाला काही बोलले नाहीत. बाही सारून हात घातला आणि सगळं होतं तिथं, अगदी इंचाइंचानं, परत ठेवलं. त्यांच्या स्मरणशक्तीचा त्यांना अभिमान होताच. तिसऱ्या दिवशी मासा मेला.

दुसऱ्या वेळी त्यांनी झाकणाखाली आगकाडी ठेवली. झाकण कोणी उचललं तर काडी पडणार. दुपारी काडी खाली, सुगड पुन्हा हललेलं, आणि डिंपलच्या कुडत्याची उजवी बाही कोपरापर्यंत ओली.

"भांडी घासत होती काय?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"हो, बाबा," ती म्हणाली.

भांडी त्या दिवशी रुक्मिणीबाईंनी घासली होती. खोटं पकडल्यावर पूर्वी जशी आतून ऊब यायची तशी अर्जुनरावांना आली. त्यांनी सुगड परत जागेवर ठेवलं आणि या वेळी काचेवर बाहेरून खडूनं खुणाही करून टाकल्या, म्हणजे केसभर हललं तरी कळावं. तोही मासा तीन दिवसांत गेला.

आता एवढ्यावरून स्वर्ग गाठायला काय वेळ लागतो? बाईनं टाकीत हात घातला की मासा मरतो. मासा मेला की घराचं कुंपण उघडं पडतं. कुंपण उघडं पडलं की मरणार कोण, तर अर्जुनराव. आणि म्हातारा गेला की पोराला खामगावला जायला मोकळीक. सगळं तिकिटाच्या गठ्ठ्यासारखं नंबरवार लागत गेलं. रात्री छातीवर हात ठेवून ते आपले ठोके मोजायचे आणि पोरीचा चेहरा आठवायचे. नजर खाली न पाडता खोटं बोलली होती. सराईत.

या घरात तिला काय कमी होतं, हेही त्यांना कळेना. घर कसं, लष्करासारखं. चाळीस वर्षं प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली. कोणत्या खुंटीला कोणाचा टॉवेल, चहाचा कोणता कप कोणाचा, दिवाणावर भिंतीकडची बाजू कोणाची. डिंपलनं एकदा आपला कप फळीवर वरच्या रांगेत ठेवला, तर रुक्मिणीबाईंनी तो काही न बोलता खाली ठेवला. ती स्वैपाकघरात उभी राहिली की 'जरा सरक वं', ओसरीत बसली की 'तिथी नको, तिथी हे बसतात'. माहेरहून आंदण आलेलं लोखंडी कपाट ओसरीवरच होतं, प्लॅस्टिकचा कागद गुंडाळून, कारण आत जागा नव्हती. जागा झाली की घेऊ, असं सगळे म्हणत होते. तीन महिने झाले होते.

वैशाखातल्या एका दुपारी पुन्हा नववा मासा यायचा होता. शेखर जेवायच्या सुट्टीत येऊन पिशवी देऊन गेला. दुकानवाल्यानं सांगितल्याप्रमाणं पिशवी तासभर टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवायची आणि मग मासा सोडायचा. रुक्मिणीबाई भजनाला गेल्या. अर्जुनरावांनी छत्री घेतली, "संग्रामपूरले जाऊन येतो, पेन्शनचं काम हाये," असं मोठ्यानं सांगितलं, स्टँडपर्यंत गेले आणि मागच्या गल्लीनं परसदारानं परत आले. गाडीत मागच्या दारानं चढायचं, हा पथकाचा जुना डाव.

दारातून त्यांनी बघितलं. टाकीचं झाकण काढलेलं. सुगड आणि गोटे खाली परातीत. डिंपलचा हात कोपराच्याही वर पाण्यात, आणि मासे काचेवर डोकी आपटत सैरावैरा पळताहेत.

"काय करून राह्यली वं?"

पोरगी एवढी दचकली की प्लॅस्टिकचं झाड तिच्या हातातून जमिनीवर पडलं. "बाबा, तुम्ही संग्रामपूरला गेला होता ना?"

"गेलो असतो त तुले रान मोकळंच होतं. सात मारले, आता आठवा काय?"

ओला हात पुसायला काही सापडेना म्हणून ती तशीच उभी राहिली, हातातून थेंब गळत होते. मग म्हणाली, "बाबा, मी मारत नाही. मरतो तो दर वेळी नवाच असतो. जुन्या आठांना काही होत नाही. त्यांनी जागा वाटून घेतल्यात. सुगड त्या मोठ्याचं, झाडामागं ती दोघं, त्या गोट्यापाशी तो शेपटीला काळा डाग असलेला. नवा जाईल तिथं कोणीतरी अंगावर येतं. त्याला उभं राहायलाच जागा नाही. दोन-तीन दिवस पळतो आणि मरतो."

"तुले बरं समजते."

"मी दुकानवाल्याला फोन केला होता. तो म्हणाला, नवा सोडायच्या आधी आतलं सगळं हलवा. म्हणजे जुन्यांनाही आपली जागा सापडत नाही, आणि मग कोणी कोणाला हाकलत नाही. आमच्याकडं गोठ्यात नवा बैल आणला की आमचे बाबाही सगळ्यांची दावण बदलतात. एकट्या नव्याला नवीन ठेवत नाहीत."

"मंग लपून काऊन करते? बाही ओली होती तवा भांडे घासले म्हणून सांगितलं."

"आईंनी टाकीला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं. म्हणून खोटं बोलले." मग तिनं एकदम वर बघितलं. "दोनदा मी सगळं हलवलं होतं, बाबा. दोन्ही वेळा संध्याकाळी कोणीतरी परत जागच्या जागी ठेवलं. नसतं ठेवलं तर ते दोन तरी जगले असते."

हे ऐकून अर्जुनरावांचं डोकं फिरलं. विनातिकीट माणूस उलट कंडक्टरवरच ओरडतो, तसलंच हे त्यांना वाटलं. त्याच वेळी रुक्मिणीबाई भजनाहून परतल्या. परातीतलं सुगड त्यांनी बघितलं, सुनेचा ओला हात बघितला, आणि त्यांच्या तोंडून ते वाक्य गेलं:

"यायच्या जिवावर उठली वं तू!"

डिंपल पांढरी पडली. ती वाद घालायला गेली नाही. अर्जुनराव म्हणाले, "ठेव सगळं जसं होतं तसं," तर तिनं एकेक गोटा त्यांच्या खडूच्या खुणेवर ठेवला, सुगड ठेवलं, झाड लावलं. मग पिशवी उघडून नववा मासा आत सोडला.

"याचा तिसरा पट्टा मधे तुटका आहे," ती म्हणाली. "खूण धरून ठेवा, बाबा. उद्या-परवा बघा कोण मरतं ते." आणि आत जाऊन तिनं बॅग काढली.

अर्जुनराव टाकीपुढं खुर्ची टाकून बसले. तिला खोटं पाडायला बसले होते.

तुटक्या पट्ट्याचा मासा आधी वाळूवर उतरला. सुगडातून मुकादम बाहेर आला आणि सरळ त्याच्या बरगडीत घुसला. तो झाडाकडं पळाला, तर झाडामागून दोघं निघाली. गोट्याकडं गेला, तिथं शेपटीला काळा डाग असलेला उभाच होता. त्याला खरंच काळा डाग होता. दोन वर्षं रोज हजेरी घेऊन अर्जुनरावांना तो कधी दिसला नव्हता. नवा वर गेला, पाण्याच्या पंपाच्या नळीमागं, काचेला चिकटून उभा राहिला. तेवढीच जागा होती. तिथंही दर दोन मिनिटांनी कोणीतरी येऊन त्याला टोचून जायचं. आणि बाकीचे आपापसात? शांत. एकमेकांच्या हद्दी ओळखून, शेजाऱ्यासारखे.

चार वाजले, पाच वाजले. अर्जुनराव हलले नाहीत. चेहरा विसरत नाही म्हणणारा माणूस दोन वर्षं फक्त नऊ मोजत होता. कोण मेलं हे त्यानं एकदाही बघितलं नव्हतं. मग सुगड डोळ्यांपुढं आलं. डाव्या कोपऱ्यातून उजव्या, आणि परत डाव्या, इंचाइंचानं. कोणी परत ठेवलं होतं? दोन मासे त्यांनी स्वतःच्या हातानं मारले होते, आणि वर खडूच्या खुणा केल्या होत्या.

सहाला शेखर आला. बायकोशी आत दहा मिनिटं बोलला आणि बाहेर येऊन बॅग उचलली. बापाकडं न बघता म्हणाला, "हिले हिवऱ्याले सोडून येतो. आन् मालकाले उद्या हो म्हणतो. खामगावात खोली पाह्यतो."

आत्ता बोलायला पाहिजे होतं. सांगायचं एवढंच होतं: पोरी, थांब, तू म्हणते तेच खरं हाये. पण रुक्मिणीबाई दारात उभ्या होत्या, गल्लीत दोन बाया उभ्या होत्या, आणि बत्तीस वर्षांत अर्जुनरावांनी कोणाला 'माझी चूक झाली' म्हटलेलं नव्हतं. मोटरसायकल सुरू झाली. ते खुर्चीतच बसून राहिले. लाज वाटत होती, आणि तरी उठले नाहीत.

सकाळी सहाला तुटक्या पट्ट्याचा मासा पंपाच्या नळीखाली उताणा पडलेला होता. शेपटी नव्हतीच.

रुक्मिणीबाई मागून आल्या, बघितलं आणि पदर तोंडाला लावला. "जाताजाता बी करून गेली पाय. काई तरी टाकून गेली पाण्यात. आता नववा आना, लवकर आना."

"गप बस!" अर्जुनराव एवढ्या जोरात ओरडले की स्वतःच घाबरून त्यांनी छातीला हात लावला. मग खाली बसले. "तिनं काई नाई टाकलं. मी पाह्यलं. काल चार वाजल्यापासून मी पाहून राह्यलो होतो, यायनं कसा मारला ते. हात घालून काढता आला असता. नाई काढला. ती खरी ठरल म्हणून नाई काढला."

"पन मासा तुमच्यासाठी…"

"मासा माह्यासाठी नाई मेला वं. माह्यासमोर मारला."

रुक्मिणीबाई रडायला लागल्या. त्यांना माशाचं काही नव्हतं, त्यांना अकोल्याचा जिना आठवत होता. "आठ ठेवून कसं चालन हो? तुमाले काई झालं त मी कोनाकडे पाहू?"

"कोनाकडे पाहशील? जे जाऊन राह्यले त्यायच्याकडेच ना?" अर्जुनराव म्हणाले.

रविवारी ते एकटेच निघाले. वरवटहून शेगाव, शेगावहून खामगाव, तिथून मेहकर, पुढं हिवरा आश्रम. आयुष्यभर एसटीत फिरलेला माणूस, पण त्या दिवशी कंडक्टर तिकीट विचारायला आला तेव्हा त्यांनी आधीच खिसे चाचपायला सुरुवात केली. डिंपलचे वडील, महादेवराव, मळ्यात वांगी तोडत होते. त्यांनी पाणी दिलं, पण 'या, बसा' जरा कोरडंच म्हटलं.

डिंपल समोर आली. अर्जुनराव रस्त्यात जुळवलेलं सगळं भाषण विसरले. "तुटका पट्टाच गेला," ते म्हणाले. "आन् ते सुगड मी ठेवत होतो परत. मीच. माफ कर, पोरी."

ती बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. रडेल असं वाटलं, पण रडली नाही. "येईन मी, बाबा," ती म्हणाली. "पण माझं कपाट अजून ओसरीवर आहे."

एवढंच. अर्जुनराव परत येताना खामगावच्या स्टँडवर तासभर गाडीची वाट बघत होते, आणि तेवढा वेळ तेच वाक्य त्यांच्या डोक्यात होतं.

शुक्रवारी शेखर तिला घेऊन आला, तेव्हा गल्लीतल्या लोकांना वाटलं घराला रंग देऊन राह्यले. अंगणात दिवाण, दिवाणावर गाद्या, तुळशीपाशी भांड्यांची मांडणी उघडी-वाघडी, खुंट्या भिंतीतून उपटलेल्या, कप टोपल्यात. मंजुळाबाईंचे दोन पोरगे घामाघूम होऊन कपाट आत ढकलत होते, जिथं चाळीस वर्षं दिवाण होता तिथं. सकाळपासून रुक्मिणीबाई भांडल्या होत्या. "चाळीस साल झाले, मांडणी तिथीच हाये!" "म्हणूनच," एवढंच अर्जुनराव म्हणाले होते, आणि पाटा-वरवंट्यापर्यंत सगळं बाहेर काढलं होतं. टाकीतले गोटे, सुगड, झाड परातीत पडले होते. काचेवरच्या खडूच्या खुणा ओल्या फडक्यानं पुसलेल्या.

डिंपल उंबऱ्यात थांबली. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात खामगावहून आणलेली पाण्याची पिशवी, त्यात एक पट्टेवाला.

रिकाम्या स्वैपाकघराच्या मधोमध रुक्मिणीबाई मिसळणाचा डबा छातीशी धरून उभ्या होत्या. या घरात लग्न होऊन आल्यापासून तो डबा चुलीच्या उजव्या हाताला असायचा. आता तिथं फळीच नव्हती. त्या इकडं वळल्या, तिकडं वळल्या, आणि आपल्याच घरात त्यांना कळेना.

"डिंपल," त्या शेवटी म्हणाल्या. आवाज जरा रुसकाच होता. "हा कुठी ठेवू वं?"

डिंपलनं सासूकडं बघितलं. "हातातच राहू द्या, आई, जरा वेळ. आधी मासा सोडू."

तिनं बाही वर केली. सुगड या वेळी मधोमध, उभं ठेवलं. गोटे पसरले, झाड मागच्या कोपऱ्यात गेलं. मग पिशवी उघडली. मुकादम सुगड शोधत डाव्या कोपऱ्यात गेला, तिथं काही नव्हतं. परत आला, दुसऱ्या कोणाला तरी धडकला आणि गोंधळून बाजूला झाला. झाडामागची दोघं उघड्यावर फिरत होती. कोणाला कोणावर धावून जायचं ते सुचत नव्हतं. सगळे आपले हिंडत होते, वास घेत, दगडाला तोंड लावून बघत.

रुक्मिणीबाई डबा काखेत धरून काचेशी वाकल्या. ओठ हलवत त्यांनी मोजलं. नऊ भरले तसा त्यांनी श्वास सोडला.

"यातला नवा कोनता हो?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

अर्जुनरावांनी तो पहिल्या झटक्यातच ओळखला होता. पाठीवरचा पर जरा लांब, डाव्या डोळ्याखाली ठिपका. हिंडता हिंडता तो गोट्याच्या आडोशाला येऊन थांबला होता आणि त्याला तिथून कोणी उठवत नव्हतं.

"काय मालूम वं," ते म्हणाले. "मले त सगळे सारखेच दिसून राह्यले."